जुनी कृती, नवी बाटली : पॅकिंग बदलताना घरगुती ब्रँडचं काय काय पणाला लागतं?

कोयली (जि. वडोदरा) : कोयली म्हटलं की वडोदऱ्याच्या माणसाला रिफायनरीच आठवते. सोव्हिएत मदतीने उभी राहिलेली ही रिफायनरी १९६५ साली सुरू झाली. इथला नाफ्था लगतच्या पेट्रोकेमिकल संकुलात गेला आणि त्यापासून प्लॅस्टिकचे दाणे तयार होऊ लागले. तेव्हाच्या सरकारी आय.पी.सी.एल. कंपनीच्या पॉलिप्रॉपिलीनचं बाजारातलं नाव होतं 'कॉयलीन'. कोयली गाव ठाऊक असलेल्या माणसाला ते नाव परकं वाटणार नाही.

आता हे सगळं उटणं-दंतमंजनाच्या बातमीत कशाला, असं कुणी विचारेल. आपल्या न्हाणीघरातल्या तेलाच्या बाटलीचं टिचकीने उघडणारं झाकण बघा. बाटली आणि झाकण जोडणारी ती पातळ पट्टी शेकडो वेळा दुमडली तरी तुटत नाही. हा गुण पॉलिप्रॉपिलीनचा. आजीच्या हातची कृती कितीही जुनी असली, तरी ती आज गिऱ्हाइकाच्या हातात जाते ती बहुतेक वेळा अशाच कुठल्यातरी कारखान्यातून निघालेल्या दाण्यांच्या आत बसून.

वडोदऱ्याला हे काही नवीन नाही म्हणा. १९०७ साली इथे अलेम्बिक कंपनी सुरू झाली. तिच्या संस्थापकांत प्रा. त्रिभुवनदास गज्जर आणि भाईलाल अमीन यांच्याबरोबर प्रा. कोटिभास्कर हे मराठी नावही आहे. पुढे याच घराण्याने शहरात काचकारखाना काढला. म्हणजे औषध, बाटली आणि मराठी माणूस हे तिन्ही या शहरात शंभर वर्षांपासून एकत्र नांदतायत.

सध्या सीमेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे निपाणी-बेळगावपासून नवापूर-सुरतेपर्यंत, घरगुती कृतीचं उटणं, शिकेकाई पावडर, माक्याचं तेल, काळं दंतमंजन विकणारे छोटे उत्पादक आणि बचत गट एकाच प्रश्नापाशी येऊन अडतात. माल चांगला आहे, जुनं गिऱ्हाईक बांधलेलं आहे, पण पॅकिंग जुनं झालंय. मॉलवाला बारकोड मागतो, कुरिअरमध्ये डबी फुटते, आणि शिकलेली सून म्हणते, 'हे असलं लेबल आता कोण घेतं?' मग डिझायनर बघायचा, नवी बाटली आणायची, रंग बदलायचे. इथपर्यंत सगळं सोपं. पुढचं मात्र नीट समजून घ्यावं लागतं, कारण डबा बदलला की कधीकधी कर बदलतो, लायसनचा प्रश्न येतो, आणि गिऱ्हाईकही बदलतं.

पिवळी ट्यूब आणि करखात्याची नोटीस

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण विकोचं. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी काढली. त्याची आद्याक्षरं म्हणजे विको. सुरुवात झाली दंतमंजनापासून. वज्रदंती पावडर दारोदार जाऊन विकली गेली. पुढे त्याचीच पेस्ट ट्यूबमध्ये आली आणि १९७५ साली हळदीची क्रीम आली.

इथेच मेख आहे. चूर्ण डबीत होतं तोवर लोकांच्या लेखी ते 'आयुर्वेदिक दंतमंजन' होतं. तीच गोष्ट ट्यूबमध्ये शिरून पुठ्ठ्याच्या छानशा खोक्यात आली आणि परदेशी पेस्ट-क्रीमच्या शेजारी कपाटात बसली, की ती दिसायला त्यांच्यासारखीच होते. अबकारी खात्याचं म्हणणं असं पडलं की ही प्रसाधनं आहेत, औषधं नव्हेत. म्हणून कर प्रसाधनाचा भरा. विको म्हणत होती की आमचं उत्पादन आयुर्वेदिक औषध आहे. हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात विकोच्या बाजूने निकाल लागला. टीव्हीवरच्या त्यांच्या जाहिरातीत हे कॉस्मेटिक नाही असं गाऊन का सांगत होते, हे ज्यांना तेव्हा कळलं नाही त्यांना आता कळेल.

अशा खटल्यांत न्यायालयं साधारण दोन गोष्टी बघतात. एक, उत्पादनातली द्रव्यं आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांत आहेत का. दुसरी, चारचौघं ते औषध म्हणून घेतात की प्रसाधन म्हणून. पहिली गोष्ट कृतीत असते. दुसरीवर मात्र पॅकिंगची सावली पडते. डिझायनरने 'लक्झरी ब्युटी' असं सोनेरी अक्षरांत पुढे टाकलं आणि 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द पाठीमागे मुंगीएवढे केले, तर उद्या खात्यापुढे आपलंच लेबल आपल्याविरुद्ध दाखवलं जाऊ शकतं.

हा वाद जुना झाला असं समजू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. केसांचं तेल, शाम्पू, टूथपेस्ट, साबणाची वडी हे १८ वरून ५ टक्क्यांवर आलं. दंतमंजन आणि आयुर्वेदिक औषधंही १२ वरून ५ वर आली. पण त्वचेला लावायच्या क्रीमसारख्या प्रसाधनांवर १८ टक्के तसाच आहे. म्हणजे चेहऱ्याला लावायचा लेप औषधात बसतो की प्रसाधनात, यावर आजही १३ टक्क्यांचा फरक पडतो. छोट्या उत्पादकाचा नफा कित्येकदा तेवढाही नसतो.

खोबरेल : एकच तेल, दोन नावं

लेबलावरचा शब्द किती महाग पडू शकतो हे खोबरेल तेलाच्या खटल्याने दाखवून दिलं. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल हे खाद्यतेल की केसांचं तेल? पंधरा वर्षांहून अधिक काळ हा घोळ चालू होता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली. शेवटी १८ डिसेंबर २०२४ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल होत नाही. पॅकिंगवर ते केसांसाठी म्हणून विकलं जात असेल, तरच तसं धरायचं.

त्या वेळी खाद्यतेलावर ५ टक्के आणि केसांच्या तेलावर १८ टक्के कर होता. आता दोन्हीवर ५ असल्यामुळे हा विशिष्ट वाद निवला आहे. निकालातली गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोकणात, गोव्यात, केरळात तेच तेल आमटीतही जातं आणि डोक्यालाही लागतं. ते काय आहे हे ठरवणारी वस्तू म्हणजे लेबल. बाटलीवर लांबसडक केसांच्या बाईचं चित्र टाकायचं की नारळाचं, हा निर्णय निव्वळ सौंदर्याचा राहत नाही.

उंदरांची परीक्षा

खोबरेलाचाच आणखी एक किस्सा. पॅराशूट तेल पूर्वी पत्र्याच्या डब्यात मिळायचं. १९८० च्या दशकात हर्ष मारीवाला आणि त्यांच्या माणसांनी ते प्लॅस्टिकच्या बाटलीत आणायचं ठरवलं. प्लॅस्टिक स्वस्त, दिसायला नीटनेटकं. पण दुकानदार घेईनात. कारण काही वर्षांपूर्वी कुणीतरी चौकोनी प्लॅस्टिकच्या बाटलीत खोबरेल आणलं होतं आणि उंदरांनी ती कुरतडून दुकानभर तेल केलं होतं.

मग विचार असा झाला की उंदराला दात लावायला कोपरा मिळतो म्हणून तो कुरतडतो. बाटली गोल केली तर पकड मिळणार नाही. शिवाय बाहेरून तेलाचा ओघळ राहिला नाही तर वासही लागणार नाही. गोल बाटल्या तेलाने भरून उंदरांच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवल्या आणि त्या शाबूत राहिल्याचे फोटो दुकानदारांना दाखवले. मारीवालांनी हे स्वतःच्या पुस्तकात आणि मुलाखतींत सांगितलं आहे. तरीसुद्धा सगळा बाजार वळायला वर्षं लागली.

या गोष्टीत एक बारीक मुद्दा आहे तो डिझायनर सहसा सांगत नाहीत. पॅकिंग बदलताना आपण गिऱ्हाइकाचा विचार करतो; माल अडतो मात्र दुकानदारापाशी. त्याच्या गोदामात उंदीर आहेत, गळकं छप्पर आहे, एकावर एक आठ खोकी रचायची आहेत. बेळगावच्या नरगुंदकर-भावे चौकातला किंवा वडोदऱ्याच्या मंगळबाजारातला दुकानदार लेबलाचा रंग नंतर बघतो. आधी विचारतो, 'गळत नाही ना?'

कृती आतून काय करते

आता थोडं रसायनाचं. पारंपरिक कृतीत सुगंधी आणि उडून जाणारी द्रव्यं भरपूर असतात: कापूर, लवंग तेल, वाळा, कचोरा, नागरमोथा, पुदिन्याचं सत. यांचं प्लॅस्टिकशी फारसं जमत नाही.

साध्या पातळ पॉलिथिनच्या पिशवीतून वास हळूहळू बाहेर जातो. दिवाळीत भरलेलं उटणं होळीला उघडलं तर मुलतानी मातीचाच वास येतो, तो यामुळेच. कापूर तर घन अवस्थेतूनच थेट हवेत जातो. झाकण सैल असेल तर मलमातला कापूर कमी होणारच. लवंग तेल पॉलिस्टायरीनला, म्हणजे त्या कडक चकचकीत स्वस्त डबीला, खातं. डबीला बारीक तडे जातात. सुगंधी तेल भरलेली पातळ बाटली काही महिन्यांत पोटात गेल्यासारखी चेपते, तेही अशाच कारणाने. हळदीचा पिवळा रंग उजेडात फिका पडतो. पारदर्शक बरणीत हळदीचा लेप दिसतो छान, पण दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात ठेवला की दोन महिन्यांत ओळखू येत नाही.

काचेत यातलं काहीच होत नाही, मात्र काच जड आणि फुटणारी. चूर्णासाठी आत ॲल्युमिनियमचा थर असलेला पाऊच चांगला. वासही टिकतो आणि पावसाळ्यात गोळेही होत नाहीत. पण तो थर प्लॅस्टिकपासून वेगळा करता येत नाही, म्हणून भंगारवाला असला पाऊच उचलत नाही. तो गटारातच जातो, हे लपवण्यात अर्थ नाही.

ट्यूबचंही असंच. जुनी ॲल्युमिनियमची ट्यूब दाबली की दाबलेलीच राहते, हवा आत ओढत नाही. लॅमिनेटची ट्यूब दाब सोडला की फुगते आणि बाहेरची हवा आत घेते, पण चिरत नाही आणि हाताला लागत नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदला एस्सेलने १९८० च्या दशकात लॅमिनेट ट्यूब बनवायला घेतल्या आणि पुढे ती कंपनी जगभर ट्यूब पुरवू लागली. लहान उत्पादकाला अशा ठिकाणी थेट ऑर्डर देता येत नाही. कमीत कमी नगांची अट आडवी येते.

म्हणून नवी बाटली ठरवण्याआधी तिच्यात आपला माल भरून किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा ठेवावा. घाई असेल तर प्रयोगशाळेत जास्त तापमानाला ठेवून तपासून घेता येतं, त्याला पैसे लागतात. डिझायनरच्या बिलापेक्षा कमीच लागतात.

राज्य ओलांडलं की लेबल काय म्हणतं?

हा भाग आपल्या वाचकांनी विशेष बघावा. वजनमापाच्या नियमांप्रमाणे, म्हणजे २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे, पाकिटावरचा सक्तीचा मजकूर हिंदीत देवनागरी लिपीत किंवा इंग्रजीत हवा. इतर भाषा वर जादा टाकायला मोकळीक आहे. याचा अर्थ असा की सगळं लेबल सुंदर मराठीत केलं आणि वजन, किंमत, पत्ता फक्त मराठीत छापला, तर ते नियमात बसत नाही. लिपी देवनागरी असली तरी भाषा मराठी आहे. सक्तीचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत ठेवा, नाव आणि वापरायची रीत मराठीत द्या.

सक्तीचं काय? उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, दर ग्रॅम किंवा मिलिलिटरमागे किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. प्रसाधन असेल तर त्याशिवाय लायसन नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरावं, आणि घटकांची यादी. आयुर्वेदिक असेल तर 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द, घटक आणि त्यांचं प्रमाण, ग्रंथोक्त कृती असेल तर ग्रंथाचा आधार, आणि बाहेरून लावायचं असेल तर तशी सूचना.

लायसन राज्याचं खातं देतं. महाराष्ट्रात एफडीए, गुजरातेत एफडीसीए. एका राज्याच्या लायसनवर बनवलेला माल दुसऱ्या राज्यात विकता येतो. बनवायची जागा बदलली तर मात्र नवं लायसन आणि नवा पत्ता. कोल्हापूरचा ब्रँड वडोदऱ्याच्या एखाद्या कारखान्यात भरून घेतला, तर पाकिटावर वडोदऱ्याच्या उत्पादकाचा पत्ता येणार. जुनी गिऱ्हाइकं विचारतात, 'तुमचं उटणं आता गुजरातेत बनतं का?' याचं उत्तर आधी तयार ठेवावं.

भाषेची एक गंमतही आहे. आपली शिकेकाई बेळगावच्या कन्नड बाईला 'सीगेकाई' म्हणून कळते, गुजरातेत 'शिकाकाई'. आपला रिठा तिकडे 'अरीठा'. उटणं म्हणजे काय हे गुजराती घरात पटकन कळेलच असं नाही, पण लग्नातली 'पीठी' सगळ्यांना ठाऊक. तिकडे माल न्यायचा असेल तर बाजूच्या पट्टीवर गुजराती लिपीत दोन ओळी पुरतात. 'उटणं' हा शब्द मात्र काढू नये. वडोदऱ्यात दांडिया बाजारपासून रावपुऱ्यापर्यंत तो शब्द बघूनच पाकीट उचलणारी घरं आहेत.

दाव्यांबाबत हात आखडता घ्यावा. 'टक्कल जाईल', 'पांढरे केस काळे होतील', 'रंग उजळेल' ही वाक्यं जुन्या डब्यांवर सर्रास असायची. औषध नियमांच्या अनुसूची जे मध्ये टक्कल, अकाली पांढरे केस, त्वचेचा गोरेपणा या गोष्टी आहेत. त्या बऱ्या करतो असा दावा औषधावर करता येत नाही. नव्या लेबलावर जुन्या लेबलाचा मजकूर जसाच्या तसा उतरवून देणारे पुष्कळ. तिथेच खरी चूक होते.

सिलिंडर आणि शिल्लक माल

पाऊच ज्या पद्धतीने छापतात तिला प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर लागतो. सहा रंगांचं चित्र म्हणजे सहा सिलिंडर, आणि लेबलातला एक शब्द बदलला तरी त्यातला निदान एक पुन्हा. त्यात छापखाना थोडक्यासाठी मशीन लावत नाही. म्हणून सुरुवातीला कोरा पाऊच घेऊन त्यावर डिजिटल छपाईचं लेबल चिकटवणं शहाणपणाचं. दिसायला थोडं कमी, पण नियम बदलला तर हजारो पाऊच वाया जात नाहीत.

जुन्या पाकिटांवर स्टिकर लावून चालेल का, हा नेहमीचा प्रश्न. किंमत वाढवायला नाही चालत. कमी करायची असेल तर स्टिकर लावता येतो, पण मूळ छापील किंमत झाकायची नाही. २०२५ च्या करकपातीच्या वेळी ज्यांच्याकडे छापलेली पाकिटं पडून होती, त्यांना हे नीट ठाऊक असणं किती उपयोगी होतं ते त्यांनाच विचारा.

काय ठेवायचं?

विकोच्या हळदीच्या क्रीमची ट्यूब आणि खोकं यांच्यासारखं रूप घेऊन दुसरी क्रीम बाजारात आली, तेव्हा विको दिल्ली उच्च न्यायालयात गेली. १९७९ सालचा तो निकाल आजही वकील दाखवतात. 'हळद' शब्दावर कुणाची मालकी नाही, पण रंग, मांडणी, चित्र या सगळ्यांनी मिळून झालेली ओळख राखता येते. २००३ साली त्याच न्यायालयात कोलगेटच्या लाल-पांढऱ्या रंगाबद्दल असाच खटला झाला. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात तर पॅकिंग आणि रंगांची जोडी हेही चिन्हात मोडतं. नोंदणी करताना प्रसाधनं वर्ग ३ मध्ये आणि औषधं वर्ग ५ मध्ये, हे विसरू नये.

म्हणून नवं रूप करताना जुन्यातली एक ठळक गोष्ट हलवू नये, मग तो रंग असो, आकार असो किंवा चित्र. म्हैसूर सँडल साबणाकडे बघा. शंभरी ओलांडली तरी वडी लंबगोलच आहे आणि हत्तीचं डोकं, सिंहाचं धड असलेला शरभ खोक्यावर आहेच. बेळगाव-कारवारकडच्या घरांत वाचता न येणारी आजीसुद्धा तो साबण बरोबर उचलते. आपल्या डब्यावरही बहुतेक वेळा असं काहीतरी असतंच. ते मालकाला वाटतं ते नसतं, एवढंच. मालकाला वाटतं आजोबांचा फोटो. गिऱ्हाइकाला आठवतं हिरवं झाकण.

हे शोधायला मोठी कंपनी लागत नाही. दहा जुन्या गिऱ्हाइकांना डबा न दाखवता तो कसा आहे ते सांगायला लावा, आणि पाच दुकानदारांना विचारा की लोक मागताना काय म्हणून मागतात. 'ते लाल डबीतलं द्या' असं सात जण म्हणत असतील, तर डिझायनरच्या कागदावर पहिली ओळ तीच लिहायची. मग नव्या बाटल्यांचं एक खोकं श्रावणात कुरिअरने निपाणीहून वडोदऱ्याला पाठवायचं, तिथून न उघडता परत मागवायचं, आणि किती गळल्या ते मोजायचं.